उलट दिशेची फेरी

बोरीवली पूर्वेला, जिथे नॅशनल पार्कची भिंत सोसायट्यांच्या अगदी अंगावर येते, तिथे महापालिकेची एक बाग आहे. बागेच्या मधोमध काळ्या दगडांचं टेकाड. त्यावर करवंदीची जाळी इतकी दाट, की माणूस सोडा, कुत्रासुद्धा आरपार जात नाही. टेकाडाला वळसा घालून दोन ट्रॅक जातात. आतला चालायचा, लाल पेव्हर ब्लॉकचा. बाहेरचा सायकलींचा, निळ्या रंगानं रंगवलेला. दोन्हींच्या मध्ये गुडघाभर मेंदी, आणि सगळ्याच्या बाहेरून लोखंडी रेलिंग. गेट एकच.

हे सगळं मी मुद्दाम सांगतेय. कारण पुढे जे झालं, ते व्हायला या बागेत जागाच नाही.

मी मृणालिनी. निवृत्त होईपर्यंत मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. आकडा विचित्र आला की आधी मशीन तपासायचं, मग नमुना, मग स्वतःला, ही शिस्त अंगात मुरलेली आहे. माझे यजमान अनंत. बोलताना मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण इथे नाव घेते, नाहीतर गोंधळ होईल.

अनंतना गेल्या वर्षी हार्टचा त्रास झाला, अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. ते घरी येऊन म्हणाले, "एवढा खर्च करून शेवटी चालायलाच सांगितलं." पण चालायला लागले, आणि त्यांना ते आवडायलाही लागलं. अडचण माझी होती. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, मी हळू चालते. ते चार पावलं पुढे जायचे, थांबायचे, मागे वळून बघायचे. दोघांचीही चिडचिड व्हायची. मग त्यांनीच युक्ती काढली.

"तू त्या बाजूनं जा, मी या बाजूनं. मागे-पुढे राहण्यापेक्षा समोरासमोर भेटू."

झालं. माझी एक फेरी होईपर्यंत ते दोनदा समोरून यायचे. एकदा बांबूच्या बेटापाशी, आणि मग बरंच चालल्यावर टेकाडाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या नळापाशी. दर वेळी टोपी उचलून म्हणायचे, "काय बाई, रोज दिसता!" मी म्हणायचे, "इथेच राहते." साठी उलटलेल्या माणसांनी असले चाळे करावेत का, असं एखादी बाई आमच्याकडे बघून मनात म्हणतही असेल. आम्हाला मजा यायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा समोरून चालत येताना बघणं, यात काहीतरी नवं होतं. त्यांची चाल मला तेव्हा कळली. डावा खांदा जरा खाली, हात शरीरापासून थोडे लांब.

दिवाळी होऊन गेली होती. हवेत गारवा होता, भिंतीपलीकडून माकडांचा आवाज येत होता. बांबूपाशी अनंत भेटले, टोपी उचलली, नेहमीचं बोलून पुढे गेले. मी वळण घेऊन जेमतेम दोन दिव्याचे खांब ओलांडले असतील, तर समोरून परत अनंत.

मला आधी हसू आलं. वाटलं, मेंदीवरून उडी मारून, कुठूनतरी वळसा घालून आले असतील. पण माझ्या मागून पुढे जायला त्यांना माझ्याच शेजारून जावं लागलं असतं. ते जवळ आले. टोपी उचलली नाही. चेहऱ्यावर घाम होता, आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जणू ओळखीचं माणूस कुठे पाहिलंय ते आठवत नाहीये.

"अजून किती आहे?" त्यांनी विचारलं.

"काय किती आहे?"

ते निघून गेले. मी मागे वळून बघितलं. तेच. डावा खांदा जरा खाली.

गेटपाशी अनंत बाकावर बसून वाट बघत होते. मी विचारलं, "मघाशी काय चाललं होतं तुमचं?"

"कधी?"

"बांबूच्या पुढे. परत भेटलात ते."

"बांबूच्या पुढे तू मला नाही भेटलीस. नळापाशी भेटलीस. पडायला-बिडायला झालं नाही ना गं?"

मी आधी मशीन तपासलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता, तो करून घेतला. साखर तपासली. ठीक होती. मग काही दिवस नीट गेले आणि मी ते विसरायच्या बेतात होते.

पण ते परत झालं. आणि मग अधूनमधून होतच राहिलं. बांबूपाशी टोपी उचलून थट्टा करणारे अनंत, आणि लगेच पुढच्या वळणावर न बोलणारे अनंत. तोच राखाडी टी-शर्ट, तेच बूट. दुसरे कधी माझ्याकडे बघत, कधी बघत नसत. एकदा माझ्या अगदी जवळून गेले, तेव्हा नेहमीच्या तेलाचा वास आला. त्यांच्या श्वासात मात्र कशाचाच वास नव्हता. आमच्या ह्यांना सकाळी चहाशिवाय घराबाहेर पडता येत नाही.

अनंतना मी एकदा सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मृणाल, मलाही तिथे एक जागा जरा विचित्र वाटते. बांबूनंतर. असं वाटतं, माझ्या पुढे कोणीतरी चाललंय आणि मी त्याच्या पावलांवर पाऊल टाकतोय. समोर तर कोणी नसतं." मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे. बीपीच्या गोळ्यांनी असं होतं म्हणतात."

तेव्हाच बाग बदलायला हवी होती. पण घराजवळ दुसरी बाग नाही, आणि असल्या कारणासाठी बाग बदलणं मला स्वतःशीच पटेना. त्याऐवजी मी नमुना तपासायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बांबूपाशी अनंत भेटले तेव्हा मी माझा निळ्या फुलांचा रुमाल त्यांना दिला. "घाम पुसा, आणि हरवू नका." त्यांनी घाम पुसला, रुमाल मनगटाला बांधला आणि म्हणाले, "बाईंनी रुमाल दिला! आता घरी काय सांगू?" आणि हसत हसत पुढे गेले.

पुढच्या वळणावर दुसरे आले. मनगट मोकळं होतं.

मी थांबले नाही. गुडघा दुखत होता तरी भराभर चालत गेटपर्यंत आले. अनंत बाकावर बसले होते. हात मांडीवर. दोन्ही मनगटं मोकळी.

"रुमाल?" मी विचारलं.

"कुठला गं?"

त्यांनी खिशातून घराच्या किल्ल्या काढल्या, उठले आणि माझ्या बरोबरीनं, माझ्याच चालीनं, हळूहळू घरी आले. रुमाल वाटेत पडला असेल, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते. घरी आल्यावर त्यांनी अळणी उपमा कुरकुर न करता खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आज मी नाही येत."

"बरं नाही वाटत?"

"छान वाटतंय. आता गरज नाही."

मी एकटीच गेले. खरं सांगायचं तर रुमाल शोधायला गेले. ट्रॅकवर नेहमीची माणसं होती. धवल, आमच्याच सोसायटीतला, निळ्या ट्रॅकवर सायकलवरून गेला, "गुड मॉर्निंग, आंटी" म्हणाला. मी खाली बघत चालले होते. बांबूपाशी पोचले आणि समोरून बूट येताना दिसले.

अनंत. कालचा राखाडी टी-शर्ट, पाठीपर्यंत भिजलेला. मनगटाला निळ्या फुलांचा रुमाल.

"अगं, होतीस कुठे तू?" ते धापा टाकत म्हणाले. "किती वेळ झाला. आणि गेट कुठे गेलं?"

मी त्यांच्या मनगटावरचा रुमाल चाचपून बघितला.

"एवढीशी बाग," ते म्हणाले. "मी चालतोय, चालतोय, बांबू येतो, नळ येतो, परत बांबू येतो. गेट येतच नाही. आणि किल्ल्या पण नाहीत खिशात. तुझ्याकडे दिल्या का मी?"

मी त्यांचा हात धरला. हात गरम होता, ओला होता. मनगटाखाली नाडी जोरात चालली होती. "चला," मी म्हटलं, "मी दाखवते गेट." हात घट्ट धरून मी त्यांना माझ्या दिशेनं घेऊन निघाले. ते निमूटपणे येत होते. शेवटच्या वळणावर गेटचा पिवळा रंग दिसला. "ते बघा," मी म्हटलं. मागून सायकलची घंटी वाजली, मी क्षणभर तिकडे बघितलं.

माझी बोटं माझ्याच तळहातात मिटलेली होती.

पुढे मी काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. त्यांच्या बाजूनं चालून बघितलं. त्यांना पुढे घालून मागून चालले. ओढणीचं एक टोक त्यांच्या मनगटाला आणि एक माझ्या मनगटाला बांधलं. गेटपाशी आले तेव्हा गाठ तशीच होती, सुटलेली नव्हती, आणि तिच्यात काही नव्हतं. बागेच्या वॉचमनला बरोबर घेऊन फिरले. तो भला माणूस, अख्खी फेरी माझ्या शेजारून चालला. त्या दिवशी अनंत आलेच नाहीत. वॉचमन म्हणाला, "मॅडम, साहेबांना घरी फोन करून बघा ना." मी केला. साहेबांनी उचलला.

पोलिसांकडे जाऊन काय सांगणार होते? नवरा हरवलाय, आणि तो घरी बसून पेपर वाचतोय?

घरातल्या माणसाबद्दल तक्रार करावी असं काही नव्हतं. त्यांना सगळं आठवत होतं. आमचं पार्ल्याचं पहिलं भाड्याचं घर, इरावतीच्या जन्माच्या वेळची धावपळ, माझ्या भावाशी झालेलं भांडण. विचारलं की अचूक सांगायचे. फक्त आपणहून काही काढायचे नाहीत. गोळ्या वेळेवर घ्यायचे. जुन्या सहकाऱ्याला सांगून मी त्यांचं रक्त घेतलं, स्वतः तपासलं. रक्तगट तोच. बाकी सगळं इतकं उत्तम, की असा रिपोर्ट मी त्या वयाच्या माणसाचा कधी पाहिला नव्हता. हार्टचे डॉक्टर खूश झाले. "काय करता काय तुम्ही?" त्यांनी विचारलं. "विश्रांती," घरातले अनंत म्हणाले.

इरावती, आमची मुलगी, हैदराबादला असते. तिला मी फोनवर सांगायचा प्रयत्न केला. दोन दिवसांत ती इथे होती.

"आई, बाबा तर मस्त आहेत. इतके शांत मी त्यांना कधी बघितले नव्हते. तू दमलीयेस गं. त्यांच्या आजारपणात तुझ्याकडे कोणी बघितलंच नाही."

ती माझ्याबरोबर बागेत आली. आम्ही दोघी फिरलो. तिला कोणी दिसलं नाही, त्या दिवशी मलाही नाही. तिनं मला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. एमआरआय केला. मी गेले, कारण आता स्वतःला तपासायची पाळी होती. रिपोर्ट नॉर्मल आला, आणि तो वाचून मला रडू आलं. इरावतीला वाटलं, आई सुटकेनं रडतेय.

ती गेल्यावर मी परत रोज जायला लागले. कधी भेटायचे, कधी नाही. मी त्यांच्या गोळ्या डबीत घालून न्यायचे, पाण्याची बाटली न्यायचे. ते माझ्यासमोर गोळ्या घ्यायचे, पाणी प्यायचे, तोंड पुसायचे. घरी येऊन डबी उघडली की गोळ्या जशाच्या तशा. बाटली काठोकाठ भरलेली. तरी मी रोज नेत होते. दुसरं करण्यासारखं काय होतं?

ते थकत चालले होते. बुटांचे तळवे झिजले. टी-शर्ट खांद्यावर विरला. टोपी कुठे गेली, त्यांनाही माहीत नव्हतं.

"बसा ना जरा," मी म्हणायचे.

"बसलो की चुकेन गं," ते म्हणायचे. "आता येईलच गेट."

एके दिवशी संध्याकाळी धवल आमच्या दारात आला. सायकल जिन्याखाली टाकून धावतच वर आला होता.

"आंटी, अंकलना सांगा ना, असं सायकल ट्रॅकवरून नका चालू यार. किती वेळा घंटी मारली, बाजूलाच होईनात. आणि काय हालत झालीय त्यांची! मी थांबून विचारलं, घरी सोडू का, तर मला ओळखलंच नाही. आत्ता, आत्ता पाच मिनिटं झाली असतील. तुम्ही चला माझ्याबरोबर, आपण..."

तेवढ्यात आतून अनंत बाहेर आले. स्वच्छ लेंगा-सदरा, हातात चहाचा कप.

"कोण, धवल? ये ना. चहा घेशील?"

धवल त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटत होतं, त्यानं काहीतरी बोलावं. एका माणसानं तरी माझ्यासमोर ते बोलावं.

"नको, अंकल," तो म्हणाला. "लेट झालंय."

जाताना त्यानंच दार ओढून घेतलं. तेव्हापासून तो बागेत येत नाही. लिफ्टमध्ये मी दिसले तर जिन्यानं जातो. मी त्याला दोष देत नाही. पण मला जे दिसतं ते दिसलेलं ते एकच माणूस होतं.

मार्चमध्ये ऊन चढायला लागलं. बांबूची पानं गळून ट्रॅकवर पिवळा थर झाला होता. त्यावरून माणसं चालली की चर्र चर्र वाजायचं. अनंत यायचे तेव्हा वाजायचं नाही, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी ते लक्षात ठेवायचं नाही असं ठरवलं.

एका सकाळी ते बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. पहिल्यांदाच थांबले होते. मी रुमालाची गाठ सैल झाली होती ती घट्ट करत होते.

"मृणाल."

"हं."

"घरी कोणी आहे का आत्ता?"

मी गाठीकडेच बघत राहिले.

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."

"मग लाईट कोणी लावलाय?"

ते माझ्याकडे नाही, रेलिंगच्या वरून, झाडांच्या वर बघत होते. तिथून आमची इमारत दिसते, हे माझ्या इतक्या दिवसांत लक्षात आलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर, आमच्या बाल्कनीत दिवा लागलेला होता. दिव्याखाली कोणीतरी कठड्याला टेकून उभं होतं.

मी परत वळले तेव्हा ते पुढे गेले होते. मी हाक मारली. "अहो!" त्या पाठीनं वळून बघितलं नाही. शेजारून जाणाऱ्या दोन अनोळखी पुरुषांनी मात्र बघितलं.

त्याच आठवड्यात गेटवर फलक लागला. नूतनीकरणासाठी उद्यान बंद. ट्रॅक उखडून नवा करणार, टेकाडाचा काही भाग काढणार. वॉचमनला मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, "मॅडम, पावसाळा धरून चला. पुढे काय, त्यांनाच माहीत."

शेवटच्या दिवशी मी सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत फिरले. गुडघा सुजला, मग बधिर झाला. ते एकदाच आले, आणि लांबूनच. मी त्यांच्याकडे चालत राहिले, तेही माझ्याकडे चालत राहिले. आम्ही दोघं चालत होतो आणि मधलं अंतर कमी होत नव्हतं. मग वॉचमननं शिट्टी वाजवली.

पत्रे ठोकणारी माणसं गेटबाहेर उभीच होती.

घरी आले. दारातच बसले. बूट काढायचंही त्राण नव्हतं. अनंत स्वयंपाकघरातून आले, माझ्यासमोर खाली बसले आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. हळू, गुडघ्याला धक्का न लावता.

"बंद झाली ना बाग?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरंच झालं." एक बूट काढून त्यांनी बाजूला ठेवला. "तू रोज जायचीस, म्हणून तो आस लावून चालत होता. आता थांबेल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत त्यांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता.

"फार त्रास होत नाही," ते म्हणाले. दुसऱ्या बुटाची गाठ बसली होती, ती ते नखानं सोडवत होते. "आधी माणसं विसरतात. मग नाव. मग नुसतं चालायचं." गाठ सुटली. त्यांनी माझं पाऊल दोन्ही हातांत धरलं, चोळलं. हात गार होते.

"त्याला निदान तू तरी भेटत होतीस," ते म्हणाले. "मला तर तिथे कोणीच भेटायला आलं नाही."